रवणीची अंडी वाया का जातात?

गावठी कोंबडी वर्षाकाठी साधारणतः ५० ते ६० अंडी देते. त्यांपैकी १२ अंडी रवणीला घातली म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाचा जवळजवळ पाचवा हिस्सा एका टोपलीत ठेवला जातो. शिवाय ती कोंबडी २१ दिवस अंड्यांवर आणि पुढे दीड-दोन महिने पिलांमागे गुंतून राहते. तेवढ्या काळात ती एकही अंडे देत नाही. अशा परिस्थितीत १२ अंड्यांतून चार-पाचच पिले निघाली, तर ते नुकसान केवळ सात-आठ अंड्यांचे नसते. कोंबडीचे दोन-तीन महिनेही त्यात खर्ची पडलेले असतात. परसातील कोंबड्या बहुधा घरातील स्त्रियांच्या देखरेखीखाली असतात आणि त्यांपासून येणारा पैसा मीठमिरची, औषधपाणी व मुलांच्या वह्या-पुस्तके यांच्या कामी येतो. म्हणून हा प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही.

पिले कमी निघाली म्हणजे दोष सामान्यतः कोंबडीला दिला जातो. कोणी ढगांच्या गडगडाटाला, कोणी अमावास्येला, तर कोणी दृष्ट लागण्याला कारण मानतात. टोपलीत लोखंडाचा खिळा किंवा कोळसा ठेवण्याची चाल पुष्कळ ठिकाणी याच समजुतीतून पडलेली आहे. वस्तुतः कोंबडीने आपले काम पुष्कळदा चोख बजावलेले असते. अंडी तिच्याखाली जाण्यापूर्वीच बिघडलेली असतात. ऊब देण्याचे काम कोंबडीचे आहे; परंतु अंडी निवडणे, ती राखणे आणि वेळेवर तपासणे हे काम माणसाचे आहे. ते कसे करावे याचा विचार येथे केला आहे.

अंड्याच्या आत काय चालते

फलित अंडे घातले जाते त्या वेळी त्यातील गर्भाची वाढ आधीच सुरू झालेली असते. कोंबडीच्या शरीरात अंडे पूर्ण तयार होण्यास सुमारे एक दिवस लागतो आणि तेथील उबेत गर्भ वाढू लागतो. अंडे बाहेर येऊन थंड झाले म्हणजे ही वाढ थांबते. गर्भ मरत नाही. तो जणू निजून राहतो. कोंबडीची ऊब मिळताच वाढ पुन्हा सुरू होते. बी कोठारात निजलेले असते आणि ओल मिळताच अंकुरते, तसाच हा प्रकार आहे.

परंतु हे निजणे सुमारे २० अंश सेल्सिअसच्या खालीच नीट घडते. उबवणीसाठी अंड्याला सुमारे ३७.५ अंश उष्णता लागते. या दोहोंच्या मधल्या उष्णतेत गर्भ धड निजत नाही व धड वाढतही नाही. त्याची वाढ मंद व वेडीवाकडी होते आणि थोड्याच दिवसांत तो अशक्त होऊन मरतो. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या घरात फळीवर ठेवलेल्या अंड्याची हीच गत होते. वरून अंडे चांगले दिसते. आतील जीव मात्र संपलेला असतो. असे अंडे उत्तम कोंबडीखाली ठेवले तरी त्यातून पिलू निघणार नाही.

चांगल्या अंड्यात रवणीला बसविल्यापासून दुसऱ्या दिवसाच्या शेवटी गर्भाचे हृदय धडकू लागते. सातव्या दिवशी रक्तवाहिन्यांचे जाळे दिव्यावर स्पष्ट दिसते. अठराव्या दिवसापर्यंत हवेची पोकळी सोडून उरलेली जागा पिलाने व्यापलेली असते. त्यानंतर ते चोचीने हवेच्या पोकळीचा पापुद्रा फोडून पहिला श्वास घेते. विसाव्या दिवशी अंडे कानाशी धरल्यास आतील चिवचिव ऐकू येते. एकविसाव्या दिवशी पिलू कवच फोडून बाहेर येते.

अंड्यांची निवड

पहिली अट म्हणजे अंडे फलित असले पाहिजे. गावठी कळपात ८ ते १० माद्यांमागे एक तरुण व निरोगी नर ठेवावा. नर म्हातारा किंवा लंगडा असल्यास अंडी वांझ निघतात. एकच नर वर्षानुवर्षे ठेवला तर त्याचा संबंध त्याच्याच तलंगांशी येतो आणि अशा जवळच्या नात्यामुळे अंडी फुटण्याचे प्रमाण घटते. यास्तव एक-दोन वर्षांनी दुसऱ्या घरचा किंवा दुसऱ्या गावचा नर अदलाबदलीने आणणे हिताचे असते.

अंडी मध्यम आकाराची, नेहमीच्या घडणीची व जाड कवचाची घ्यावीत. फार लहान, फार मोठी, वाकडी, खरबरीत किंवा तडा गेलेली अंडी खाण्यासाठी वापरावीत. निमुळत्या अंड्यातून नर व गोल अंड्यातून मादी निघते, हा समज खरा नाही. पिलाचे लिंग अंड्याच्या आकारावरून ओळखता येत नाही.

अंडी स्वच्छ असावीत, पण ती धुऊ नयेत. कवचाला डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रे असतात आणि त्यांवर नैसर्गिक लेपाचे पातळ आवरण असते. पाण्याने धुतल्यास हा लेप जातो व ओल्या घाणीतील जंतू छिद्रांवाटे आत शिरतात. थोडी घाण असल्यास ती कोरड्या फडक्याने हलकेच पुसावी. फार मळलेली अंडी रवणीला घेऊ नयेत. अंडी घालण्याच्या जागी कोरडे गवत ठेवून ते वेळोवेळी बदलणे, हाच खरा उपाय होय.

वनराज, गिरिराज यांसारख्या सुधारित जातींच्या माद्या सहसा खुडूक होत नाहीत. कडकनाथ माद्याही रवणीच्या बाबतीत भरवशाच्या नसतात. त्यांची अंडी गावठी कोंबडीखाली ठेवावीत. मात्र सुधारित संकरित जातीच्या पक्ष्यांची घरी वाढविलेली पुढील पिढी आईबापांइतकीच अंडी देईल, असे समजू नये.

रवणीपूर्वी अंडी कशी राखावीत

कोंबडी रोज अंडे देत नाही. त्यामुळे १०-१२ अंडी जमेपर्यंत दोन आठवडे जातात आणि सर्वांत जास्त बिघाड या काळात होतो. हिवाळ्यात ७ दिवसांपर्यंतची व उन्हाळ्यात ३ ते ४ दिवसांपर्यंतचीच अंडी रवणीला घ्यावीत. एका कोंबडीची अंडी पुरत नसतील तर घरातील दोन-तीन कोंबड्यांची ताजी अंडी एकत्र करावीत. पंधरा दिवसांपूर्वीचे अंडे जपून ठेवण्यापेक्षा ते खाऊन किंवा विकून टाकणे केव्हाही फायद्याचे.

अंडी दिवसातून दोन-तीनदा गोळा करावीत. घरातील सर्वांत थंड जागी, चुलीपासून व उन्हापासून दूर, ती ठेवावीत. एका पाटीत वाळू भरून तीत रुंद तोंडाचे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे. मडक्याच्या तळाशी कोरडे गवत घालून त्यावर अंडी ठेवावीत व तोंडावर पातळ फडके बांधावे. भोवतालच्या वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे. पाणी उडून जाताना मडके थंड राहते. माठातील पाणी गार होते ते याच कारणाने. कोरड्या हवेच्या प्रदेशात ही युक्ती चांगली साधते. कोकणात हवेतच दमटपणा असल्याने तिचा उपयोग कमी होतो. तेथे अंडी ताजी असताना वापरण्यावरच भर द्यावा. अंड्यांना स्वतः ओल लागता कामा नये.

अंडी ठेवताना रुंद टोक वर व निमुळते टोक खाली असावे, कारण हवेची पोकळी रुंद टोकाकडे असते. दुरून आणलेली अंडी वाहनात हादरलेली असतात. ती रवणीला घालण्यापूर्वी काही तास स्थिर ठेवावीत. प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीने तारीख लिहावी.

कोंबडी व तिची जागा

खुडूक कोंबडी ओळखणे सोपे आहे. ती अंडी देणे बंद करते, पिसे फुलवून बसते, जवळ गेल्यास घोगरा आवाज काढते व हात लावल्यास टोचते. तरी तिची परीक्षा घ्यावी. एक-दोन रात्री तिला वांझ किंवा खाण्याच्या दोन अंड्यांवर बसवून पाहावे. ती टिकून बसली तरच रवणीची अंडी द्यावीत. पूर्वी पिले काढलेली, शांत व मध्यम बांध्याची कोंबडी उत्तम. तिच्याखाली तिच्या पंखांत मावतील एवढीच, म्हणजे १० ते १२ अंडी ठेवावीत. जास्त ठेवल्यास कडेची अंडी उघडी पडतात. कोंबडी अंडी फिरवीत असल्यामुळे दर वेळी निराळे अंडे कडेला येते. परिणामी दोन-तीन अंड्यांच्या लोभाने सर्वच अंड्यांना थोडी थोडी थंडी लागते.

टोपली पसरट असावी. तळाशी दोन-तीन बोटे माती किंवा वाळू घालून मध्ये किंचित खोलगट करावे व त्यावर कोरडे, मऊ गवत पसरावे. खोलगटपणामुळे अंडी मध्यभागी एकत्र राहतात. उन्हाळ्यात तळाची माती किंचित ओलसर ठेवावी. टोपली अंधाऱ्या, शांत व हवेशीर कोपऱ्यात ठेवून कुत्रे, मांजर, मुंगूस, घूस व साप यांपासून तिचे रक्षण होईल अशी व्यवस्था करावी.

उवा-पिसवांनी त्रासलेली कोंबडी रवण सोडून उठते. म्हणून बसविण्यापूर्वी तिची पिसे, विशेषतः पंखांखाली व शेपटीखाली, तपासावीत. तिला लोळण्यासाठी जवळच कोरडी माती व राख यांचे मिश्रण ठेवावे. औषध वापरणे असल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारूनच वापरावे. पूर्वी या कामी वापरली जाणारी बीएचसी पूड भारतात १९९७ पासून बंद झालेली आहे. जुना साठा कोठे आढळल्यास तो वापरू नये. शेतातील कीटकनाशकही टोपलीत टाकू नये.

कोंबडी संध्याकाळी बसवावी. अंधारात ती लवकर स्थिरावते. सर्व अंडी एकाच दिवशी ठेवावीत. दुसऱ्या कोंबड्या त्याच टोपलीत अंडी घालतात आणि पहिली पिले निघताच खुडूक कोंबडी मागची अंडी सोडून उठते. यावर उपाय म्हणून रवणीच्या प्रत्येक अंड्यावर खूण करावी व खूण नसलेले अंडे रोज काढून घ्यावे. कोंबडीला दिवसातून एकदा उठवून दाणा, पाणी व विष्ठेसाठी १५ ते २० मिनिटे मोकळीक द्यावी. तेवढ्याने अंड्यांचे काही बिघडत नाही.

महाराष्ट्रात ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ रवणीला सर्वांत अनुकूल होय. कडक उन्हाळ्यात व मुसळधार पावसात कोंबडी शक्यतो बसवू नये. गडगडाटाने अंडी नासतात हा समज बहुधा येथूनच आला असावा, कारण मेघगर्जनेचे दिवस आणि अंड्यांना अपायकारक उकाडा व दमटपणा हे एकाच वेळी येतात.

सातव्या दिवसाची तपासणी

सर्वांत कमी खर्चाचे व सर्वांत अधिक लाभाचे काम म्हणजे सातव्या दिवशी अंडी दिव्यावर पाहणे. पुठ्ठ्याच्या खोक्याला दहा रुपयांच्या नाण्याएवढे भोक पाडून आत विजेरी ठेवावी. मोबाइलचा दिवाही चालतो. अंधाऱ्या खोलीत, कोंबडी दाणा खाण्यास उठली असताना, अंड्याचे रुंद टोक भोकाशी धरावे.

लाल रक्तवाहिन्यांचे कोळ्याच्या जाळ्यासारखे रूप व मध्ये हलणारा काळसर ठिपका दिसला, तर अंडे जिवंत आहे. अंडे सर्वत्र स्वच्छ व उजळ दिसले, तर ते वांझ आहे किंवा त्यातील गर्भ अगदी सुरुवातीस मेला आहे. रक्ताचे नुसते कडे दिसले व जाळे नसले, तर गर्भ काही दिवस वाढून मेला आहे. शेवटच्या दोन्ही प्रकारची अंडी काढून टाकावीत. ती ठेवल्यास कोंबडीची ऊब व्यर्थ जाते आणि नासके अंडे फुटले तर चांगली अंडीही बिघडतात. काढलेली अंडी विकू नयेत.

या तपासणीचा आणखी एक फायदा आहे. समजा, दोन कोंबड्या एकाच दिवशी प्रत्येकी १० अंड्यांवर बसविल्या आणि सातव्या दिवशी २० पैकी १२ अंडी जिवंत आढळली. ती बाराही एका कोंबडीखाली ठेवावीत व दुसरीला नवीन ताजी अंडी द्यावीत. त्यामुळे दुसरी कोंबडी रिकामी बसत नाही. मात्र तिला सुमारे चार आठवडे बसावे लागते, म्हणून तिच्या दाण्यापाण्याकडे अधिक लक्ष द्यावे. चौदाव्या दिवशी पुन्हा तपासणी करावी. जिवंत अंडे त्या वेळी हवेची पोकळी सोडून बरेचसे काळे दिसते.

शेवटचे तीन दिवस

अठराव्या दिवसानंतर अंडी हाताळू नयेत. या काळात हवेत पुरेसा ओलावा हवा, नाहीतर कवचाखालचा पापुद्रा सुकून पिलाला चिकटतो. हवा फार कोरडी असल्यास टोपलीभोवतीच्या जमिनीवर पाणी शिंपडावे.

कवचाला भोक पडल्यानंतर पिलू बाहेर येण्यास कित्येक तास लागतात. पुष्कळ जण दयेपोटी कवच सोलून पिलाला बाहेर ओढतात. तसे करू नये. त्या वेळी उरलेला बलक पोटात ओढला जात असतो व कवचालगतच्या रक्तवाहिन्या आटत असतात. घाई केल्यास रक्त वाहून पिलू दगावते. पोटातील या बलकावर पिलू दोन दिवसांपर्यंत तगून राहू शकते. म्हणून सर्व पिले निघून कोरडी होईपर्यंत कोंबडीला उठवू नये. रिकामी कवचे तेवढी काढून घ्यावीत. त्यानंतर उथळ भांड्यात स्वच्छ पाणी व बारीक कण्या द्याव्यात. पहिले काही दिवस आई व पिले डालग्याखाली ठेवावीत. मानमोडी म्हणजेच राणीखेत रोगावरील लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकपुडीत थेंब टाकून देतात. त्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच कळवून ठेवावे.

न फुटलेल्या अंड्यांची परीक्षा

बाविसाव्या दिवशी उरलेली अंडी उकिरड्यावर फेकण्याची पद्धत आहे. ती फेकण्यापूर्वी घरापासून दूर नेऊन फोडून पाहावीत. पुढच्या वेळी काय सुधारावे हे त्यांवरून कळते.

१. गर्भाचा मागमूस नाही, बलक जसाच्या तसा आहे : नराचा दोष, माद्यांच्या मानाने नर कमी, किंवा अंडी फार दिवस ठेवलेली.

२. पहिल्या आठवड्यात मेलेला गर्भ : साठवणीतील उष्णता, वाटेतील हादरे, किंवा सुरुवातीस कोंबडी बराच वेळ उठून राहिली असणे.

३. दुसऱ्या आठवड्यात मेलेला गर्भ : अंडी देणाऱ्या कोंबड्यांचा निकस आहार. त्यांना दाण्याबरोबर हिरवा पाला, किडे-मुंग्या टिपण्यास मोकळीक व शिंपल्यांचा चुरा मिळावयास हवा.

४. पूर्ण वाढलेले पण कवच न फोडलेले पिलू : अंड्यांची संख्या जास्त होऊन मिळालेली अपुरी ऊब, किंवा ओलाव्याचे प्रमाण चुकणे.

५. भोक पाडून मेलेले पिलू : शेवटच्या दिवसांतील कोरडी हवा किंवा अंड्यांची हाताळणी.

६. काळे, दुर्गंधीयुक्त अंडे : मळलेले, धुतलेले किंवा तडा गेलेले अंडे. हे न फोडता खोल पुरावे.

परीक्षेनंतर सर्व अंडी पुरून टाकावीत, हात साबणाने धुवावेत व टोपलीतील गवत जाळावे. एका अंड्यावरून निष्कर्ष काढू नये. एकाच प्रकारची तीन-चार अंडी आढळली तर त्या कारणाकडे लक्ष द्यावे.

पेटीतील उबवण

विजेवर चालणाऱ्या लहान उबवणी पेट्या आता बाजारात मिळतात. त्यांतही तत्त्व तेच. फक्त कोंबडीची सर्व कामे माणसाला करावी लागतात. पंखा असलेल्या पेटीत ३७.५ अंश उष्णता राखावी. आर्द्रता पहिले १८ दिवस ५५ ते ६० टक्के व नंतर ६५ ते ७० टक्के असावी. यासाठी आत पाण्याचे भांडे ठेवतात. पेटी स्वतः अंडी फिरवीत नसेल तर अंड्याच्या एका बाजूस फुली व दुसऱ्या बाजूस शून्य काढून ती दिवसातून किमान तीन वेळा फिरवावीत व अठराव्या दिवशी फिरविणे थांबवावे. वीज गेल्यास पेटी न उघडता घोंगडीने झाकावी. मात्र हवेची छिद्रे पूर्ण बुजवू नयेत. थोडा वेळ उष्णता कमी होण्यापेक्षा ती वाढणे अधिक घातक असते, हे विसरू नये. जेथे वीज वारंवार व बराच वेळ जाते, तेथे दहा-बारा अंड्यांसाठी खुडूक कोंबडीच अधिक खात्रीची आहे.

गावकार्यकर्त्यांनी काय करावे

गावपातळीवरील कार्यकर्ते व पशुसखी यांनी एखाद्या घरी सातव्या दिवसाची तपासणी सर्वांसमक्ष करून दाखवावी. अंड्यातील हलणारा ठिपका एकदा पाहिला म्हणजे निराळ्या उपदेशाची गरज उरत नाही. प्रत्येक घरी भिंतीवरील दिनदर्शिकेवर पाच गोष्टी टिपण्यास सांगावे : बसविल्याची तारीख, अंड्यांची संख्या, सातव्या दिवशी काढलेली अंडी, निघालेली पिले आणि न फुटलेल्या अंड्यांचा प्रकार. दोन-तीन रवणींच्या नोंदी झाल्या की, त्या घरचे नुकसान नराकडून होते, साठवणीत होते की शेवटच्या दिवसांत, हे उघड होते आणि उपाय कोठे करावयाचा ते घरच्या मंडळींनाच दिसते. पुढची रवण घालण्यापूर्वी ही नोंद एकदा पाहावी आणि मगच अंडी कोंबडीखाली ठेवावीत.